फॉरवर्ड आणि फ्युचर्स : वायद्याच्या दोन तऱ्हा

भाव आज ठरवायचा आणि माल व पैसे यांची देवघेव पुढच्या एखाद्या तारखेला करायची, अशा व्यवहाराला व्यापारात दोन इंग्रजी नावे आहेत : फॉरवर्ड आणि फ्युचर्स. मराठीत दोन्हींना सरसकट वायदा म्हटले जाते आणि बातम्यांतही दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात. कायद्याने, हिशोबाने आणि जोखमीने मात्र हे दोन वेगळे व्यवहार आहेत. फॉरवर्ड हा दोन पक्षांनी एकमेकांना दिलेला शब्द असतो. फ्युचर्समध्ये दोन्ही पक्ष बाजाराच्या संस्थेशी बांधले जातात आणि त्या संस्थेकडे दोघांना रोजच्या रोज तारण भरावे लागते. कराराचा आकार, पैसे भरण्याची वेळ, सौद्यातून बाहेर पडण्याची सोय आणि बुडीताची भीती हे बाकीचे सारे फरक या एका फरकातून निघतात.

फॉरवर्ड : दोघांतला करार

हळदीचे उदाहरण घेऊ. मसाल्याचा एक कारखानदार एप्रिलमध्ये लागणाऱ्या 83 क्विंटल हळदीचा सौदा जानेवारीतच एका उत्पादकाशी करतो. भाव 14,000 रुपये क्विंटल, माल राजापुरी जातीचा, ओलावा ठरलेल्या मर्यादेत, पोच कारखान्याच्या दारात, तारीख 20 एप्रिल. या साऱ्या अटी दोघांनी आपल्या सोयीने ठरवलेल्या असतात. 83 क्विंटलच का, 20 तारीखच का, हे तिसऱ्या कोणी विचारायचे कारण नाही. हा फॉरवर्ड करार. शेतमालाची करारशेती, निर्यातदाराने बँकेशी केलेला डॉलरचा आगाऊ सौदा, सूतगिरणीने कापूस व्यापाऱ्याकडून तीन महिन्यांनंतरच्या पोचीसाठी केलेली खरेदी हे सगळे याच जातीचे व्यवहार आहेत.

फॉरवर्डचे बळ त्याच्या लवचिकपणात आहे. गरज जेवढी आणि जशी असेल, करारही तेवढा आणि तसाच करता येतो. करार करताना थोडा इसार दिला जातो किंवा काहीच दिले जात नाही. पैशांची मुख्य देवघेव शेवटच्या दिवशी होते. मधल्या काळात भाव कितीही वर-खाली झाला तरी कोणाच्या खिशातून काही जात नाही.

त्याच्या उणिवाही याच रचनेतून येतात. पहिली उणीव म्हणजे समोरच्याने शब्द फिरवण्याची जोखीम. एप्रिलमध्ये हळदीचा भाव 17,000 झाला तर उत्पादकाला क्विंटलमागे 3,000 रुपये सोडून माल द्यावा लागतो. भाव 11,000 वर आला तर तेवढेच पैसे कारखानदाराला जास्त मोजावे लागतात. ज्याचे नुकसान होते त्याला करार मोडण्याचा मोह होतो आणि हा मोह भाव जितका हलेल तितका वाढतो. करार ज्या प्रसंगासाठी केला, नेमक्या त्याच प्रसंगी तो सर्वांत कच्चा असतो. दुसरी उणीव म्हणजे बाहेर पडण्याची अडचण. कारखानदाराची गरज मार्चमध्ये संपली तरी 83 क्विंटल, राजापुरी, 20 एप्रिल अशा नेमक्या अटी असलेला सौदा घेणारा दुसरा कोणी सहज मिळत नाही. मूळ पक्षाची संमती घ्यावी लागते. तिसरी उणीव भावाच्या गुप्ततेची. सौदा दोघांतच राहतो, त्यामुळे पुढच्या महिन्यांच्या भावाबद्दल बाजाराचा अंदाज काय आहे हे इतरांना त्यातून कळत नाही.

1865 : मुंबईतला धडा

दोघांच्या शब्दावर उभा असलेला बाजार कोसळला तर काय होते, हे मुंबईने 1865 मध्ये पाहिले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे मोर्चा वळवला. भाव भडकले, मुंबईत पैशांचा पूर आला आणि त्या पैशावर नव्या बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांच्या शेअर्सचे मोठे सौदे पुढच्या तारखेचे होते. भाव आज ठरवायचा, शेअर व पैसे 1 जुलै 1865 रोजी द्यायचे, असे असंख्य करार झाले होते. त्या काळी त्यांना ‘टाइम बार्गेन’ म्हणत. स्वरूपाने ते फॉरवर्डच होते. प्रेमचंद रायचंद हे या तेजीचे सर्वांत मोठे नाव.

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेच्या फौजांचे जनरल ली यांची शरणागती झाली, युद्ध संपत आले, कापसाचा भाव घसरला आणि त्याबरोबर शेअर्सही. 1 जुलै उजाडला तेव्हा खरेदीदारांकडे पैसे नव्हते. एकाचे देणे हे दुसऱ्याचे येणे होते आणि त्या येण्याच्या भरवशावर दुसऱ्याने तिसऱ्याला शब्द दिला होता. साखळीतली एक कडी तुटताच पुढच्या साऱ्या तुटल्या. दिवाळखोरीची प्रकरणे निकाली काढायला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. प्रेमचंद रायचंद यांचे दिवाळे निघाले आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

सौदे करणारे सगळे लबाड होते असे नाही. दोष रचनेत होता. कोणी किती देणे ओढवून घेतले आहे हे पाहणारी मधली संस्था नव्हती. भाव हलत असताना तोट्यात गेलेल्याकडून पैसे वसूल करण्याची रीतही नव्हती. सारा हिशोब एका दिवसावर येऊन साचला होता.

ओसाका आणि शिकागो : फ्युचर्सचा जन्म

या दोषावरचा तोडगा जगात दोन ठिकाणी वेगवेगळ्या काळी आकाराला आला. जपानमध्ये सरदारांचा महसूल तांदळात येत असे आणि ओसाका ही त्या तांदळाची मोठी पेठ होती. तेथील दोजिमा बाजाराला 1730 मध्ये शोगुनच्या सरकारने मान्यता दिली. गोदामातील तांदळाच्या पावत्यांची खरेदी-विक्री तेथे होई. शिवाय ठरावीक प्रतीच्या तांदळाचे पुढच्या मुदतीचे नुसते वहीतले सौदेही होत आणि त्यांचा हिशोब मिटवणाऱ्या स्वतंत्र पेढ्या होत्या. संघटित वायदा बाजाराचा हा सर्वांत जुना नमुना मानला जातो.

शिकागोत तीच गोष्ट धान्यावरून घडली. 1848 मध्ये शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडची स्थापना झाली. त्याच वर्षी इलिनॉय-मिशिगन कालवा खुला झाला आणि शेतमाल मोठ्या प्रमाणावर शहरात येऊ लागला. मक्याचे व्यापारी हिवाळ्यात माल विकत घेत. नद्या व कालवे मोकळे होऊन तो शिकागोत पोचेपर्यंत वसंत उजाडे. मधल्या काळातली भावाची जोखीम टाळण्यासाठी ते ‘माल पोचल्यावर’ या अटीवर आगाऊ विक्री करत. 13 मार्च 1851 रोजी झालेला 3,000 बुशेल मक्याचा सौदा हा तेथील नोंदलेल्या अशा करारांपैकी पहिला म्हणून सांगितला जातो. हे सर्व फॉरवर्ड होते आणि भाव उलटला की करार मोडले जात.

दरम्यान एक मोठा बदल झाला. रेल्वे आणि उंच धान्यकोठारे आली आणि प्रत्येक शेतकऱ्याचे पोते वेगळे ठेवणे परवडेनासे झाले. सगळ्यांचा गहू एका कोठारात मिसळायचा तर त्याची प्रत ठरवलेली हवी. म्हणून बोर्डाने 1850 च्या दशकात प्रतवारी आणि तपासणी सुरू केली. प्रत ठरली तेव्हा पावतीवर ‘अमुक प्रतीचा इतका गहू’ एवढेच लिहिणे पुरेसे झाले. तो कोणाच्या शेतातला हा प्रश्न उरला नाही. पावती या हातातून त्या हातात फिरू शकली. 1865 मध्ये बोर्डाने कराराच्या अटी प्रमाणित करून दोन्ही पक्षांनी अनामत ठेवण्याचा नियम केला. मुंबईत शब्दांची साखळी तुटली त्याच वर्षी शिकागोत फ्युचर्स कराराला नियमांचे रूप मिळाले. प्रत्येक सौद्याची पूर्ण हमी घेणारी क्लिअरिंग संस्था तेथे पुढे 1925 मध्ये आली.

मुंबईनेही फार वेळ लावला नाही. 1875 मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन झाली आणि हिंदुस्थानातील संघटित वायदा बाजाराची सुरुवात तिच्यापासून धरली जाते. तिच्या कारभारावर नाराज असलेल्या देशी गिरणीमालक व व्यापाऱ्यांनी 1893 मध्ये बॉम्बे कॉटन एक्स्चेंज काढले.

फ्युचर्स कसे चालते

फ्युचर्स करारात वाटाघाटीला फक्त एक गोष्ट उरते : भाव. बाकी सारे एक्स्चेंजने आधीच ठरवलेले असते. एका कराराचा म्हणजे लॉटचा आकार, मालाची प्रत, प्रत उणी-अधिक असल्यास भावात किती वजावट किंवा वाढ, माल कोणत्या केंद्रातील कोणत्या गोदामात द्यायचा, करार कोणत्या तारखेला संपणार हे सर्व छापील असते. भारतात एनसीडीईएक्स या एक्स्चेंजवरील हळदीच्या वायद्याचा भाव निजामाबाद केंद्राला धरून असतो. सर्व करार एकसारखे असल्यामुळे कोणाचाही करार कोणीही घेऊ शकतो.

सौदा जुळला की हमी घेणारे क्लिअरिंग कॉर्पोरेशन दोघांच्या मध्ये उभे राहते. खरेदीदारासाठी ते विक्रेता होते आणि विक्रेत्यासाठी खरेदीदार. सांगलीच्या व्यापाऱ्याने विकलेला लॉट इरोडच्या व्यापाऱ्याने घेतला असेल, पण दोघांचा करार एकमेकांशी राहत नाही. त्यांना एकमेकांचे नावही कळत नाही आणि एकमेकांची पत तपासण्याची गरजही उरत नाही.

ही हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशनला परवडते ती मार्जिनमुळे. सौदा करताना दोन्ही पक्षांना किमतीचा काही टक्के भाग अनामत ठेवावा लागतो. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या बंद भावाने प्रत्येकाचा नफा-तोटा मोजला जातो आणि तोटा झालेल्याकडून वसूल करून नफा झालेल्याला दिला जातो. या रोजच्या हिशोबाला ‘मार्क टू मार्केट’ म्हणतात.

आकड्यांत ते असे दिसते. समजा, एका व्यापाऱ्याने 5 टनांचा म्हणजे 50 क्विंटलचा हळदीचा एक लॉट 14,000 रुपये क्विंटल भावाने विकला. कराराची किंमत 7,00,000 रुपये. 10 टक्के मार्जिन धरले तर 70,000 रुपये अनामत. पहिल्या दिवशी भाव 14,200 वर बंद झाला : क्विंटलमागे 200 प्रमाणे 10,000 रुपये त्याच्या खात्यातून गेले. दुसऱ्या दिवशी भाव 13,900 : 300 प्रमाणे 15,000 जमा. तिसऱ्या दिवशी 13,600 : पुन्हा 15,000 जमा. तीन दिवसांचा निव्वळ नफा 20,000 रुपये. 14,000 आणि 13,600 यांतला फरक गुणिले 50 केला तरी उत्तर तेच येते. फॉरवर्डमध्येही अखेरचा आकडा हाच आला असता. पण तो एकदम, शेवटच्या दिवशी आणि समोरचा पक्ष टिकून असेल तरच.

तोटा साठत गेला आणि खातेदाराने मागितलेले मार्जिन भरले नाही तर त्याचा सौदा बाजारभावाने बंद करून टाकला जातो. म्हणजे बुडीत होण्याइतका तोटा वाढण्याआधीच दार लावले जाते. त्यावरही मोठा धक्का आलाच तर क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा हमी निधी असतो. एका दिवसात भाव किती हलू शकतो याची मर्यादा आणि एका व्यक्तीने किती माल धरावा याचीही मर्यादा ठरलेली असते.

बाहेर पडणे आणि माल देणे

फॉरवर्ड करार बहुधा माल देऊन-घेऊनच पुरा होतो. फ्युचर्सचे बहुतेक सौदे मुदतीआधीच उलट सौदा करून मिटवले जातात. ज्याने विकले तो तेवढाच लॉट विकत घेतो. क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या वहीत दोन्ही नोंदी एकमेकींना खोडतात आणि फरकाचे पैसे आधीच रोज दिले-घेतलेले असतात. ज्याला सौदा पुढच्या महिन्यात न्यायचा आहे तो चालू महिन्याचा करार बंद करून पुढच्या महिन्याचा उघडतो. याला रोलओव्हर म्हणतात.

म्हणून फ्युचर्समध्ये मालाशी संबंधच नसतो असे मात्र नाही. माल देण्याची शक्यता हीच वायद्याचा भाव आणि तयार मालाचा म्हणजे हाजर भाव यांना मुदतीच्या दिवशी एकत्र आणते. या दुव्याची ताकद 20 एप्रिल 2020 रोजी दिसली. कोविडमुळे तेलाचा खप आटला होता आणि अमेरिकेत कुशिंग येथील टाक्या भरत आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संपणारा मे महिन्याचा करार ज्यांच्याकडे होता त्यांना तेल ताब्यात घ्यावे लागले असते, पण ते ठेवायला जागा नव्हती. करार गळ्यातून काढण्यासाठी विक्रेतेच पैसे देऊ लागले आणि भाव उणे 37.63 डॉलर प्रति पिंप असा बंद झाला. मुंबईतील एमसीएक्स या एक्स्चेंजवरचा एप्रिलचा तेल वायदा त्या भावाशी बांधलेला होता; तो उणे 2,884 रुपयांना मिटवण्यात आला. फ्युचर्सने समोरच्या पक्षाच्या बुडीताची जोखीम जवळजवळ काढून टाकली, तरी भावाची जोखीम जिथल्या तिथे राहते.

वायद्याचा भाव हाजर भावाहून किती वेगळा असावा, याचे साधे गणित दोन्ही प्रकारांना लागू आहे. आज 14,000 ला हळद घेऊन तीन महिने ठेवायची तर महिना एक टक्का व्याजाने 420 रुपये आणि गोदामभाडे व विमा मिळून समजा 180 रुपये लागतात. तेव्हा तीन महिन्यांनंतरचा भाव 14,600 च्या आसपास असणे स्वाभाविक. नवे पीक मोठे येणार असेल किंवा आजच टंचाई असेल तर पुढचा भाव हाजर भावाच्या खालीही असतो.

कोणाला कोणता उपयोगी

भावाच्या चढउतारापासून संरक्षण घेण्याला हेजिंग म्हणतात. ते दोन्हींनी साधते, पण वेगळ्या रीतीने. समजा, पेरणीनंतर हळदीचा वायदा 14,000 आणि सांगलीचा हाजर भाव 13,800 आहे. उत्पादकांच्या कंपनीने वायदा विकला. काढणीच्या वेळी वायदा 12,500 वर आणि हाजर भाव 12,300 वर आला. कंपनीने आपला माल सांगलीतच 12,300 ला विकला आणि वायद्यात 1,500 कमावले. हाती 13,800 पडले. पण हाजर भाव 12,100 पर्यंत घसरला असता तर हाती 13,600 च आले असते. स्थानिक भाव आणि वायद्याचा भाव यांतील अंतराला बेसिस म्हणतात आणि ते अंतर बदलण्याची जोखीम फ्युचर्समध्ये उरते. आपल्या गावच्या, आपल्या प्रतीच्या मालाचा फॉरवर्ड केला तर ती उरत नाही. त्याऐवजी समोरच्याच्या शब्दाची जोखीम येते.

परकीय चलनात हा फरक स्वच्छ दिसतो. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला 18 मे रोजी 47,300 युरो मिळायचे आहेत. बँक त्याला नेमक्या तेवढ्या रकमेचा, नेमक्या त्या तारखेचा फॉरवर्ड देते आणि त्या दिवशी युरो घेऊन ठरलेल्या दराने रुपये देते. एक्स्चेंजवर गेल्यास 1,000 युरोचे 47 करार करता येतात. 300 युरो उघडे राहतात. करार महिनाअखेरीच्या सुमारास संपतो, रोज मार्जिनचा हिशोब होतो आणि शेवटी युरो न देता फक्त फरक रुपयांत मिटतो. भारतात डॉलर-रुपयाचे फ्युचर्स नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर 29 ऑगस्ट 2008 रोजी सुरू झाले. युरो, पौंड आणि येन 2010 मध्ये आले. तरीही खरी आयात-निर्यात करणाऱ्यांचा ओढा बँकेच्या फॉरवर्डकडे असतो, कारण त्यांना नेमकेपणा हवा असतो आणि बँकेला त्यांची पत माहीत असते. शेअर बाजारात उलट स्थिती आहे. सेन्सेक्स आणि निफ्टीचे फ्युचर्स जून 2000 मध्ये सुरू झाले आणि तेथे वारंवार आत-बाहेर करण्याची सोय हीच मुख्य गरज आहे.

दोन्ही एकत्र वापरताना पैसे कधी द्यायचे हा फरक जिवावर बेतू शकतो. जर्मनीच्या मेटालगेसेलशाफ्ट या उद्योगसमूहाच्या अमेरिकी कंपनीने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ग्राहकांना अनेक वर्षे ठरावीक भावाने तेल पुरवण्याचे फॉरवर्ड करार केले आणि तेल महागण्याच्या भीतीवर उतारा म्हणून जवळच्या मुदतीचे फ्युचर्स विकत घेतले. 1993 मध्ये तेल स्वस्त झाले. फॉरवर्डमध्ये कंपनीचा फायदा झाला होता, पण तो पुढच्या अनेक वर्षांत थोडाथोडा मिळणार होता. फ्युचर्समधला तोटा मात्र मार्जिन म्हणून रोज रोख भरावा लागत होता. रोकड आटली, सौदे गुंडाळावे लागले आणि तोटा सुमारे 130 कोटी डॉलरवर गेला.

भारतीय कायद्यातील सीमारेषा

भारतात या विषयाचा मुख्य कायदा होता फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्ट्स (रेग्युलेशन) ॲक्ट, 1952. त्याखाली 1953 मध्ये मुंबईत फॉरवर्ड मार्केट्स कमिशन स्थापन झाले. नावात फॉरवर्ड असले तरी कमिशनचे मुख्य काम फ्युचर्सवर देखरेख करण्याचे होते. गोंधळाचे एक मूळ येथे आहे, कारण या कायद्याने पुढच्या पोचीच्या सर्वच करारांना फॉरवर्ड म्हटले आणि त्यांत पोटभेद केले. ज्यात माल आणि पैसे यांची देवघेव 11 दिवसांच्या आत होते तो तयार मालाचा म्हणजे हाजर करार. त्यापुढच्या करारांत एक वर्ग होता नेमक्या मालाच्या, नेमक्या पक्षांतल्या आणि दुसऱ्याला हस्तांतरित न करता येणाऱ्या करारांचा. अर्थशास्त्रात ज्याला फॉरवर्ड म्हणतात तो हाच, आणि त्याला कायद्याने बऱ्याच अंशी मोकळीक दिली होती. मान्यताप्राप्त संस्थेच्या नियमांखाली चालणारे, हस्तांतरणीय आणि उलट सौद्याने मिटणारे करार म्हणजे फ्युचर्स.

1960 च्या दशकातील टंचाईत, भाववाढीला सट्टा जबाबदार आहे या समजुतीने, कापसासह बहुतेक मालांच्या वायद्यांवर बंदी आली. 1980 मध्ये खुस्रो समितीने आणि 1994 मध्ये काब्रा समितीने काही वायदे पुन्हा सुरू करण्याची शिफारस केली. 2003 मध्ये बंदी व्यापकपणे उठली आणि त्याच वर्षी मुंबईत एमसीएक्स आणि एनसीडीईएक्स ही राष्ट्रीय एक्स्चेंजे सुरू झाली.

सीमारेषा पुसली की काय होते, हे 2013 मध्ये पुन्हा दिसले. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज हा हाजर मालाचा बाजार म्हणून उभा राहिला होता. तेथे दोन दिवसांत पोचीची खरेदी आणि पंचवीस दिवसांनी पोचीची विक्री अशा जोडसौद्यांची विक्री ठरावीक परताव्याची गुंतवणूक म्हणून होत असे. पंचवीस दिवसांचा सौदा 11 दिवसांच्या मर्यादेबाहेर होता. म्हणजे हाजर बाजाराच्या पाटीखाली पुढच्या मुदतीचे सौदे चालू होते. 31 जुलै 2013 रोजी व्यवहार थांबले तेव्हा सुमारे 5,600 कोटी रुपयांची देणी उघडी पडली आणि अनेक गोदामांत नोंदीप्रमाणे माल नव्हता. सुमारे 13,000 गुंतवणूकदार अडकले. 28 सप्टेंबर 2015 रोजी फॉरवर्ड मार्केट्स कमिशन रोखे बाजाराची नियामक संस्था सेबीत विलीन झाले; 1952 चा कायदा रद्द होऊन शेतमालाचे, धातूंचे आणि तेलाचे वायदे रोख्यांच्या कायद्याखाली आले.

डिसेंबर 2021 मध्ये सेबीने बिगर-बासमती भात, गहू, हरभरा, मोहरी, सोयाबीन, कच्चे पामतेल आणि मूग या सात मालांचे वायदे स्थगित केले आणि स्थगितीची मुदत वेळोवेळी वाढवली. स्थगिती एक्स्चेंजवरच्या सौद्यांना होती. लातूरच्या तेल गिरणीने एखाद्या शेतकरी कंपनीशी पुढच्या महिन्यातील सोयाबीनचा थेट खासगी करार करण्यावर ती नव्हती. फॉरवर्ड चालू राहिला आणि फ्युचर्स थांबला. मात्र फ्युचर्स थांबल्याने पुढच्या महिन्यांचा जाहीर भावही थांबला आणि खासगी करार करणाऱ्या दोघांनाही भाव ठरवताना समोर ठेवायला आकडा उरला नाही.

सट्टा कोणात

फ्युचर्स म्हणजे सट्टा आणि फॉरवर्ड म्हणजे खरा व्यापार, हा समज अपुरा आहे. 1865 मधला मुंबईचा सट्टा फॉरवर्डवर झाला होता. उलट फ्युचर्समध्ये हेजिंग करणाऱ्याला समोर कोणीतरी जोखीम घेणारा लागतो. तो नसेल तर शेतकऱ्याच्या कंपनीने विकलेला लॉट घेणार कोण? भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 30 नुसार पैज लावण्याचे करार रद्दबातल असतात. माल देण्या-घेण्याचा कोणाचाच हेतू नसून निव्वळ भावाच्या फरकावर खासगीत लावलेली पैज न्यायालयात टिकत नाही. मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचा फ्युचर्स करार फरकाने मिटला तरी कायदेशीर राहतो, कारण तो नियमांखाली होतो, त्याची नोंद असते आणि त्यामागे मार्जिन व हमी असते. एक्स्चेंजबाहेर चालणाऱ्या ‘डबा’ सौद्यांना यांपैकी काहीच नसते; तेथे पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही.

तेव्हा पुढच्या तारखेचा कोणताही सौदा समोर आला तर चार प्रश्न विचारावेत. अटी कोणी ठरवल्या, हमी कोणाची, पैसे केव्हा भरायचे आणि मधूनच बाहेर कसे पडायचे? अटी दोघांच्या, हमी समोरच्याची, पैसे शेवटी आणि सुटका संमतीने, तर तो फॉरवर्ड. अटी एक्स्चेंजच्या, हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशनची, पैसे रोज आणि सुटका उलट सौद्याने, तर तो फ्युचर्स. माल नेमका हवा असेल आणि समोरच्याची पत माहीत असेल तर फॉरवर्ड सोयीचा. समोरचा अनोळखी असेल, सौद्यातून मोकळे होण्याची वाट हवी असेल आणि रोजचे मार्जिन भरण्याइतकी रोकड हाताशी असेल तर फ्युचर्स. चारही प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील तर तो सौदा न केलेलाच बरा.